महानसातला धूर

तर्कशास्त्राचा श्रीगणेशा करताना जो दृष्टांत प्रथम पुढे येतो, तो धुराचा. दूरच्या पर्वतावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे, असे अनुमान करावयाचे; आणि हे अनुमान कशाच्या आधारावर, असे कोणी विचारलेच तर महानसाकडे बोट दाखवावयाचे. महानस म्हणजे स्वयंपाकघर. धूर आणि अग्नी यांचे साहचर्य तेथे नित्य दृष्टीस पडते, म्हणून पर्वताविषयीची शंका स्वयंपाकघरात फिटते. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हाती धरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा दृष्टांत घोकलेला असतो.

मला या दृष्टांतात अलीकडे एक वेगळीच गोष्ट जाणवू लागली आहे. नैयायिकांनी महानसात डोकावून धूर पाहिला, अग्नी पाहिला, दोहोंचा संबंध पक्का केला आणि ते पुन्हा पर्वताकडे वळले. त्या धुरात डोळे पुशीत बसलेले माणूस त्यांच्या अनुमानात कोठेच येत नाही. शास्त्राला त्याची आवश्यकता नव्हती, हे मान्य. परंतु आपणां संसारी माणसांनाही ते शतकानुशतके दिसू नये, याचा दोष मात्र शास्त्राच्या माथी मारता येणार नाही.

आमचे घर ग्वाल्हेरच्या लष्करातले. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून १८१० च्या सुमारास ही वस्ती उभी राहिली, तिचे नावही छावणीचेच राहिले, आणि त्या छावणीबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांनी येथे वाडे बांधले. वाड्यांतून काय जपले गेले याविषयी आपल्या मासिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. देव्हारे, पैठण्या, पुरणपोळी, गणपतीची आरास. स्वयंपाकघराच्या छताविषयी मात्र कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. आमच्याकडे छताला इकडच्या दगडाच्या लांबच लांब फरशा असत. बैठकीतल्या फरशा फिकट तांबूस, माजघरातल्या करड्या, आणि स्वयंपाकघरातल्या इतक्या काळ्या की पावसाळ्यात ओल धरली म्हणजे त्यांतून काळे थेंब गळत. दर दिवाळीपूर्वी भिंतींना चुना लागे. छताला कोणी हात लावीत नसे, कारण तेथे चुना टिकतच नसे.

त्या खोलीला एकच झरोका होता, तोही मागच्या बोळाकडे आणि वीतभर. चूल, तिला लागून वैल, बाजूला सरपण आणि गोवऱ्या, ज्यांना इकडे कंडे म्हणतात. पुढे दगडी कोळशाची शेगडी आली, भुशाची आली, मग रॉकेलचा स्टोव्ह आला. पण चूल विझली नाही, तिच्या शेजारी एकेका नव्या धुराची भर पडत गेली इतकेच. नाना आणि काका जेवायला पाटावर बसत ते माजघरात. म्हणजे असे की, धूर ज्या खोलीत होता त्या खोलीत पुरुषांचा वावर फार थोडा होता, आणि घरात काय बदलावयाचे याचा निर्णय ज्या खोलीत होत असे तेथवर धूर पोहोचत नव्हता. वाड्याच्या रचनेतच ही सोय होती.

आई १९६० साली लग्न होऊन या स्वयंपाकघरात आली. गॅस आला तो १९८४ साली, नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहिल्यानंतर. साठी उलटण्याच्या सुमारास तिला खोकला जडला. थंडीत तो बळावे, उन्हाळ्यात ओसरे. घरात त्याला दमा म्हणत, आणि आमच्या आजीलाही दमाच असल्यामुळे तो वंशपरंपरागत आहे असे सर्वांचे मत पडे. आजी आईची सासू होती, तेव्हा परंपरा रक्ताची असणे शक्य नव्हते. ती चुलीची होती. जिना चढताना आई मध्येच थांबू लागली, तेव्हा २००४ साली तिला छातीच्या तज्ज्ञाकडे नेले. त्यांनी प्रथम विचारले, “आपण बिडी-सिगारेट ओढता काय?” आई हसली. सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या बाईला हा प्रश्न विनोदीच वाटावयाचा. डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला, “चुलीवर किती वर्षे स्वयंपाक केला?” आजवर हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिने वर्षे सांगितली नाहीत. “लग्न झाल्यापासून धाकट्याची मुंज होऊन वर्ष लोटेपर्यंत,” असे ती म्हणाली. मी मनातल्या मनात हिशेब केला. चोवीस वर्षे. दिवसाचे चार तास धरले, आणि हा अंदाज कमीच आहे, तरी पस्तीस हजार तास होतात. म्हणजे अहोरात्र धुरात काढलेली चार वर्षे.

मग तिला यंत्राच्या नळीत जोराने फुंकावयास सांगितले. फुंकणीने निखारे फुलविण्यात जिचा जन्म गेला, तिच्या श्वासाने यंत्रावरची रेषा काही केल्या वर चढेना. तीन वेळा प्रयत्न झाले. “फुंकायचं ते सगळं फुंकून झालंय आता,” असे म्हणून तिने नळी खाली ठेवली.

त्या विकाराला वैद्यकात दीर्घकालीन श्वासरोधाचा विकार म्हणतात. ‘सीओपीडी’ हे त्याचे आद्याक्षरी नाव आता बहुतेकांच्या कानांवरून गेले असेल. तंबाखू हे त्याचे सर्वपरिचित कारण. परंतु आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या माणसांनाही तो होतो, आणि आपल्या देशात अशा माणसांत चुलीपुढच्या बायका मोठ्या संख्येने असतात, हे आता निर्विवाद झाले आहे. आई २०११ साली गेली. अखेरची दोन वर्षे ती रात्री आडवी होऊ शकत नसे. लोड-तक्क्याला टेकून बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढीच झोप.

धुराचे मोजमाप करण्याची कल्पना प्रथम ज्यांना सुचली त्यांत कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाचे नाव घ्यावे लागते. १९८० च्या दशकाच्या आरंभी ते आपल्या शेजारच्या गुजरातेतील खेड्यांत आले आणि त्यांनी व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या अंगावरच मापनयंत्रे बांधून त्या श्वासावाटे काय आत घेतात ते पाहिले. मला यातील शास्त्रीय कौशल्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती यंत्र ठेवण्याची जागा. तोवर हवा मोजावयाची ती चौकात, कारखान्याच्या धुराड्याजवळ. स्वयंपाकघरात, आणि तेही बाईच्या नाकाजवळ, हवा मोजावयाची असते हे कोणाच्या गावीही नव्हते. स्मिथ २०२० साली निवर्तले. त्याच वर्षी, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, घरातील धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली दगावली, आणि त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक होती.

या धुरातले सर्वांत घातक अंश डोळ्यांना दिसतच नाहीत. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण, ज्यांना पी. एम. २.५ म्हणतात, ते केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे असतात. नाकातले केस व घशातला ओलावा त्यांना अडवू शकत नाही आणि ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. आपल्या सरकारने २००९ साली ठरविलेली मर्यादा ४० ची आहे. आणि २०१६ साली त्या संघटनेने जगभरातल्या शहरांची जी यादी काढली, तिच्यात आमचे ग्वाल्हेर १७६ या आकड्यासह दुसऱ्या क्रमांकावर होते! त्या आठवड्यात महाराजबाड्यावरच्या प्रत्येक पानाच्या ठेल्यावर हीच चर्चा होती. टेंपो, दगडाच्या खाणी, उडती धूळ, नगरपालिका. सर्वांची यथास्थित निर्भर्त्सना झाली. ती अनाठायी होती असे नाही. पण त्या चर्चेत स्वयंपाकघराचे नाव मी एकदाही ऐकले नाही. शहराची अब्रू चौकात मोजली जाते. घरातली हवा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न!

“आता घरोघरी गॅस आला, मग हे रडगाणे कशाला?” असे एखादा वाचक म्हणेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे सांगतात की २०१५-१६ मध्ये देशातली ४३.८ टक्के घरे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत, २०१९-२१ मध्ये ती ५८.६ टक्के झाली. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेचा त्यात मोठा वाटा आहे, आणि ही प्रगती लहान नव्हे. पण सिलिंडर घरात असणे आणि तो रोज पेटणे यांत अंतर असते. पुन्हा भरून आणण्याचे पैसे हाताशी नसले की तो पाहुण्यांच्या चहापुरता राहतो आणि डाळ चुलीवरच शिजते.

आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांतही धूर संपलेला नाही. त्याने सोंगे बदलली आहेत. मिरची-मोहरीची फोडणी, तळणाचे कढत तेल यांचा धूर हाही धूरच. माझ्या धाकट्या भावाने नवी सदनिका घेतली. स्वयंपाकघर पाहून डोळे दिपावेत असे, ओट्यावर चकचकीत चिमणी. तिचे नळकांडे कोठे जाते, असे मी विचारले. “दादा, भिंतीला भोक पाडायला सोसायटीची परवानगी नाही, ही धूर गाळून परत आतच सोडते,” असे उत्तर आले. अशा चिमणीने तेलाचा चिकटा पकडला जातो, वासही थोडा मरतो; बारीक कण व वायू बव्हंशी फिरून घरातच येतात. भावजयीने खिडकीत साधा बाहेर हवा फेकणारा पंखा बसवून घेतला आणि चिमणी आता दिव्यापुरती वापरते. त्या पंख्याला समोरून ताजी हवा येण्यास वाट मात्र हवी. सर्व दारे लावून पंखा चालविणे म्हणजे बुचाच्या बाटलीतून पाणी ओतण्यासारखे आहे.

देवघराच्या धुराविषयी लिहिताना लेखणी थोडी अडखळते. धूप, ऊद, कापूर यांचा सुगंध आमच्या बालपणाशी जडलेला आहे, आणि श्रद्धेला हात घालण्याचा मला अधिकार नाही. एवढेच म्हणतो की, कणाला आपण गोवरीतून निघालो की उदबत्तीतून, हे ठाऊक नसते. देव खिडकीजवळ असला, उदबत्ती एक असली आणि घरातल्या दमेकऱ्याची व तान्ह्या मुलाची झोपण्याची जागा तेथून दूर असली, तर पूजेत काही उणे पडते असे माझ्या तरी धर्मज्ञानास वाटत नाही. डास पळविणाऱ्या हिरव्या चकलीच्या बाबतीत मात्र मला कसलीच भीड नाही. एक चकली जळून जाईपर्यंत जेवढे बारीक कण सोडते, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटी जळल्यावर निघतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. मुलाला सिगारेटचा वास लागू नये म्हणून पाहुण्याला अंगणात पाठविणारे गृहस्थ रात्री त्याच मुलाच्या खाटेखाली ही चकली लावतात आणि खिडकी घट्ट बंद करतात. मच्छरदाणी अडगळीत पडलेली असते.

आता पुन्हा तर्काकडे वळणे भाग आहे, कारण प्राणाशी गाठ आहे. धूर असेल तेथे अग्नी असतोच. पण अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, हेही नैयायिकांनी बजावून ठेवले आहे, आणि त्यासाठी त्यांचा दृष्टांत तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. उत्तर हिंदुस्थानातल्या हिवाळ्यात हा लोखंडी गोळा दरवर्षी माणसे मारतो. आमच्याकडे पौषात पारा तीन-चार अंशांवर येतो. शेगडी अंगणात धगधगीत पेटवावयाची, धूर निघून जाऊ द्यावयाचा, निखारे लाल झाले की ती झोपण्याच्या खोलीत आणून दारे-खिडक्या लावून घ्यावयाच्या, ही येथली जुनी रीत आहे. धूर नाही म्हणजे धोका नाही, असा त्यामागचा समज. वस्तुतः भय येथेच आहे. अपुऱ्या हवेत धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबणे नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो, आणि माणूस गुदमरल्याची जाणीवही न होता झोपेतच संपतो. डोके जड होणे, मळमळणे, पायांतले त्राण जाणे ही पूर्वचिन्हे. पण झोपलेल्याला ती कोण सांगणार?

आमच्या शाळेतल्या एका शिपायाच्या घरी काही वर्षांपूर्वी हाच प्रसंग ओढवला. पहाटे त्याची पत्नी पाणी पिण्यास उठली ती उभीच राहू शकेना. काहीतरी विपरीत आहे एवढे तिला उमगले. रांगत जाऊन तिने कडी काढली आणि उंबऱ्यात कोसळली. उघड्या दारातून आलेल्या हवेने ती, नवरा आणि दोन मुले वाचली. जिची कडी वर, हात न पोहोचणाऱ्या जागी असते, अशा खोलीची बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. बंद न्हाणीघरात बसविलेला गॅसचा बंब हाही याच जातीचा शत्रू आहे. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवून घ्यावा. निखाऱ्यांची शेगडी झोपण्याच्या खोलीत नसावी ती नसावीच. रजई आणखी एक घ्यावी. गॅसची ज्योत निळी सोडून पिवळी दिसू लागली, तर बर्नर साफ करून घेण्यास उद्याची वाट पाहू नये.

लोक मला विचारतात, घरात कोणती झाडे लावावीत? कुंड्यांनी हवा शुद्ध होते हा समज अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने १९८९ साली बंदिस्त पेट्यांत केलेल्या प्रयोगांवरून पसरला. २०१९ साली अशा साऱ्या प्रयोगांचा फेरविचार झाला, तेव्हा असे निघाले की खिडकीतून सहज येणाऱ्या वाऱ्याची बरोबरी करावयास चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील. तुळस लावावी ती तुळस म्हणून. हवा गाळणारी विजेची यंत्रे एका बंद खोलीतले कण खरोखर कमी करतात, पण कार्बन मोनॉक्साइडपुढे त्यांचा उपाय चालत नाही, आणि गाळणी वेळच्या वेळी बदलली नाही तर यंत्र केवळ आवाज करते. खिडकी उघडण्यासही ग्वाल्हेरसारख्या गावी वेळ पाहावी लागते: थंडीत सकाळ-संध्याकाळी बाहेरचीच हवा जमिनीलगत कोंडलेली असते, म्हणून दुपारचे ऊन चढल्यावर दारे मोकळी करावीत. अपवाद स्वयंपाकाच्या वेळेचा. तेव्हा आतला धूर बाहेरच्याहून वाईट असतो, खिडकी उघडावीच.

गेल्या वर्षी विज्ञानाच्या शिक्षकांच्या मदतीने आम्ही नववीच्या वर्गात एक साधा प्रयोग केला. पोस्टकार्डाएवढे पांढरे पुठ्ठे, त्यांवर व्हॅसलीनचा पातळ लेप. प्रत्येकाने एक स्वयंपाकघरात, एक झोपण्याच्या खोलीत आणि एक ओसरीत सात दिवस टांगावयाचा. यावर बारीक कण फारसे टिपले जात नाहीत, मुख्यतः काजळी आणि धूळच चिकटते, हे मुलांना आधीच सांगितले होते. पुठ्ठ्यांवर नावे लिहू नयेत, नुसते क्रमांक असावेत, अशी सूचना एका मुलीने केली. ती का, हे मी विचारले नाही. आठव्या दिवशी भिंतीवर पुठ्ठे ओळीने लावले, तेव्हा सर्वांत काळ्या दोहोंपैकी एक तिचाच होता, हे मला पुढे कळले. दुसरा एका सुखवस्तू घरातला. त्या मुलाने तिन्ही जागा सोडून हौसेने चौथा पुठ्ठा देवघरात टांगला होता.

मुलीचे घर शहराबाहेरच्या एका खेड्यात. सिलिंडर आहे, पण महिन्याकाठी भरून आणणे परवडत नाही, आणि रोट्या चुलीवरच्याच हव्यात असा आजीचा आग्रह. तिचे वडील गवंडीकाम करतात. पालकसभेत त्यांनी तो पुठ्ठा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग पुढच्या रविवारी त्यांनी चूल घरातून काढून ओसरीपलीकडे नेली, वर पत्रा टाकला, तीन बाजू मोकळ्या ठेवल्या. तेथे टांगलेला पुठ्ठा करडा निघाला. पांढरा नव्हे, करडाच. मुलीने तो वर्गात आणून पहिल्याच्या शेजारी स्वतःच्या हाताने लावला आणि या वेळी त्यावर नाव घातले.

थंडी सुरू झाल्यापासून आजी तक्रार करू लागली आहे की बाहेर बसून हात गारठतात, चूल पुन्हा आत न्या. मुलीने माझ्याकडून आणखी दोन पुठ्ठे मागून नेले आहेत. एक आजीच्या उशाशी टांगणार आहे म्हणाली.